उलट्या हाताचा मोजा

ज्या आठवड्यात माझं शिवणाचं मशीन देवासला नणंदेकडे पाठवायचं ठरलं, त्याच आठवड्यात मिलच्या लोहारखान्यातले विलायती हातमोजे संपले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं घरात कुणालाच वाटलं नाही. मला वाटलं. आणि एकदा वाटल्यावर गप्प बसणाऱ्यांतली मी नाही, तेव्हाही नव्हते.

मशीन माझं होतं, हे आधी सांगून टाकते. माझ्या वडिलांचं वाईला शिंपीकामाचं दुकान होतं. लग्नात लोक मुलीला भांडीकुंडी देतात, वडिलांनी मला मशीन दिलं. हातानं चाक फिरवायचं, काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. वाईहून उज्जैनपर्यंत गाड्या बदलत आलो, तेवढा सगळा वेळ माझा एक हात त्याच्या पेटीवर होता. नवऱ्याकडे बघायचं राहून गेलं, असं माझे यजमान पुढे आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिले.

सासरही शिंप्यांचंच, पण त्यांचा रुबाब वेगळा. माझ्या सासऱ्यांचे पूर्वज कधीकाळी दरबाराबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या दरबारचे अंगरखे, पालखीचे पडदे, हत्तीच्या झुली शिवत राहिले. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. मामंजी सगळं हातानं शिवत. त्यांचा टाका बघायला दिवा जवळ न्यावा लागे, इतका बारीक. माझ्या मशीनची खडखड ऐकली की ते म्हणत, ही शिवण नाही, ही कवायत आहे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे उज्जैनच्या देवास गेटजवळच्या त्या घरात आम्ही तिघंच: मामंजी, माझे यजमान आणि मी. मशीन धरलं तर चौघं.

मग स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. आम्ही पेढे वाटले, मामंजींनीही वाटले. पण दरबारच उरला नाही तर दरबारी अंगरखा शिवून कोण घेणार? लोक बुशशर्ट घालून हिंडायला लागले. मामंजी सकाळी उठून कात्री पुसायचे, रेशमी रुमालात गुंडाळायचे आणि परत ठेवून द्यायचे. गल्लीतल्या बायका माझ्याकडे पोलकी शिवायला टाकायला तयार होत्या, पण त्याला मामंजींची सक्त मनाई होती. दरबारी शिंप्याची सून गल्लीच्या पोलक्यांना टाके घालणार नाही, बस्स. म्हणून मशीन नुसतं बसून. आणि ते नुसतं बसून आहे म्हणून एक दिवस मामंजींनी जाहीर केलं, की ते देवासला जाईल. देवासला नणंदेच्या यजमानांनी तयार कपड्यांचं दुकान काढलं होतं.

"पडून काय करायचंय त्याला इथे?" मामंजी म्हणाले.

मला काम करू द्यायचं नाही, आणि मग काम नाही म्हणून मशीन काढून घ्यायचं, हा न्याय मला अजूनही समजलेला नाही. पण त्या काळात सून सासऱ्यांपुढे असं बोलत नसे. मी पोळ्या लाटत होते, त्या जरा जास्तच जोरात लाटल्या.

त्याच आठवड्यात यजमान कामावरून कपाळाला हात लावून घरी आले. ते कापडाच्या मिलमध्ये स्टोअरबाबू होते. आत येणारा प्रत्येक माल तपासून पास करायचा की परत पाठवायचा, हे त्यांचं काम. मिलला लागून तिचा स्वतःचा लोहारखाना होता, तिथे यंत्रांचे मोडके भाग दुरुस्त व्हायचे. तापलेलं लोखंड धरायला तिथे विलायतेहून आलेले कातड्याचे जाड हातमोजे वापरत. ते आता संपले होते आणि नवे येत नव्हते. बाहेरचा माल बंद, सगळं देशातच बनवा, असा वरून धोशा होता. देशात बनवा म्हणजे नेमकं कुणी बनवायचं ते मात्र कुणी सांगत नव्हतं. लोहारखान्यातली माणसं हाताला ओलं गोणपाट गुंडाळून काम करत होती. ओल्या गोणपाटाला आच लागली की त्याची वाफ होते, ती हाताला पोळते. तिथला मुख्य मिस्त्री सकाळी यजमानांवर ओरडून गेला होता.

मी लाटणं खाली ठेवलं. "मी शिवते," म्हटलं.

यजमान हसले. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसणं थांबलं. मामंजी आतल्या खोलीतून बाहेर आले, कारण त्यांनी ऐकलं होतं. त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानंच मी बोलले होते.

"आमच्या घराण्याने किनखाप शिवला आहे," ते म्हणाले. "या उंबऱ्याच्या आत कातडं येणार नाही."

"आणि बाहेर ओट्यावर?" मी विचारलं.

मामंजी शब्दाचे पक्के होते. उंबरा म्हणजे उंबरा, ओटा त्याच्या बाहेर. स्वतःच्या बोलण्यात स्वतःच अडकले, हे त्यांनाही कळलं. मिशीवरून हात फिरवत त्यांनी अट घातली. मोजे मिलमध्ये पास झाले तर मशीन राहील. नापास झाले तर त्याच दिवशी तांग्यात चढेल. मी लगेच हो म्हटलं. लग्न झाल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी करून दाखवायची संधी मिळाली होती, आणि त्या रात्री मला झोप लागेना.

यजमानांनी मिलमधून एक जुना फाटका विलायती मोजा आणला. करपलेला, काळा, बोटांच्या टोकांना भोकं पडलेली. मी तो ओट्यावर घेऊन बसले आणि टाका टाका उसवला. काय सांगू, असा आनंद मला क्वचितच झाला असेल! आत काय काय दडलेलं होतं! अंगठा मुळीच हाताबरोबर कापलेला नव्हता, तो वेगळा कापून नंतर बसवलेला. बोटांच्या फटींत लांबट पट्ट्या. आणि दोन तुकडे जोडले तिथे शिवणीच्या मध्ये कातड्याची एक बारीक पट्टी घातलेली, म्हणजे आच आली तर ती पट्टी सोसेल, दोरा सुरक्षित राहील. मी ती पट्टी बघितली आणि मला हसूच आलं. अंगरख्याच्या कडेला मामंजी असाच तर गोट घालतात! त्यांनी तो मला कधी शिकवला नव्हता, पण दाराआडून मी कितीदा बघितला होता. विलायतेचा मोजा आणि दरबारचा अंगरखा, दोघांना गोट एकच.

आता मिस्त्री मापाला आले, तो प्रसंग. पण त्याआधी माझ्या हिंदीबद्दल सांगायला हवं.

मी वाईची. उज्जैनला आले तेव्हा मला हिंदी म्हणजे मराठीच जरा वाकडी करून बोलायची असं वाटायचं. शब्द तर सारखेच ऐकू यायचे, तिथेच घात होता. पहिल्याच महिन्यात स्टेशनाबाहेर एक तांगेवाला मला म्हणाला, "बहनजी, तांगा खाली है." मी वाकून तांग्याखाली बघितलं. काही दिसेना म्हणून आणखी वाकले. यजमानांना तांग्याचा दांडा धरून हसावं लागलं. त्यानंतर मी ठरवलं, की हिंदी शब्द कळला नाही तर विचारायचं. कळला तर कशाला विचारायचं? चूक तिथेच होती. ज्या शब्दांनी मला फसवलं ते सगळे मला कळलेलेच शब्द होते.

मिस्त्री दुपारी आले. यजमान कामावर होते. मामंजी आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसलेले, कारण ओट्यावर तो उसवलेला मोजा पडला होता आणि त्यांना तो नजरेलाही नको होता. मिस्त्री दणकट माणूस, मिशा पांढऱ्या, हाताला ठिकठिकाणी भाजल्याचे डाग. त्यांनी वर्तमानपत्रावर हात ठेवला, मी पेन्सिलीनं त्याची रेघ काढली. माणूस बोलायला मोकळा होता. जाता जाता पायरीवर थांबून म्हणाले:

"बहूजी, इतना ध्यान रखना, उल्टे हाथ में चमड़ा डबल देना. सारी आँच उसी पर आती है. सीधे हाथ में इकहरा ही रखना, नहीं तो हथौड़ा पकड़ में नहीं बैठता."

मी मान डोलावली. सगळं सगळं समजलं होतं. उलटा हात म्हणजे हाताची पाठ. उलट्या हाताने घाम पुसतो, उलट्या हाताची ठेवून देतो, तोच तो. लोखंडावर घण पडला की ठिणग्या उडून तिथेच बसणार, म्हणून पाठीला कातडं दुहेरी. आणि सुलटा हात म्हणजे तळवा. तळव्यात हातोडा धरायचा, तिथे जाड कातडं आलं तर पकड बसणार नाही, म्हणून एकेरी. मला तर मिस्त्रींचं फार कौतुक वाटलं. किती विचार करून सांगतो हा माणूस, असं मी संध्याकाळी यजमानांना म्हटलंसुद्धा. त्यांनी नेमकं काय सांगितलं ते यजमानांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. माझं डोकं तेव्हा सुईत अडकलं होतं.

कारण सुया पटापट मोडत होत्या. यजमानांनी म्हशीचं कमावलेलं मऊ कातडं आणून दिलं, मी मशीन ओट्यावर आणलं आणि पहिल्याच टाक्याला सुई तुटून माझ्या नाकाजवळून गेली. दुसरी आणली, जाडजूड. ती कातड्यात जायची, पण कातडं पुढे सरकेना, मशीनच्या पायाला चिकटून बसायचं. मग कातड्यावर शंखजिऱ्याची पूड टाकली. दोऱ्याला मेणबत्ती घासली. चाक जोरात फिरवलं तर दोरा तुटे, म्हणून एकेक टाका हातानं चाक ढकलून घालायचा. उजव्या हातानं चाक, डाव्या तळव्यानं कातडं पुढे रेटायचं. डावा तळवा लालबुंद झाला, मग सोलला, पण मला त्याचं भान कुठलं?

आणि हे सगळं ओट्यावर, भर गल्लीत! येणारे जाणारे थांबत. भाजीवाली टोपली उतरवून बसून बघायची. समोरच्या काकू रोज नवीन सल्ला द्यायच्या, त्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती. दरबारी शिंप्याच्या ओट्यावर सून कातडं शिवतेय, ही बातमी देवास गेटच्या बसस्टँडपर्यंत गेली असणार. मामंजी जाता येता तोंड फिरवून उंबरा ओलांडत. मी मात्र मजेत होते. इतके दिवस कपाटात ठेवलेला माझा हात जणू मी परत बाहेर काढला होता. मी दोन जोड शिवले, एक परीक्षेला आणि एक धास्तीला.

परीक्षेच्या दिवशी मिलमध्ये मोजे यजमान घेऊन जाणार होते. मी म्हटलं, मी येणार. यजमानांचा चेहरा पडला. मिलमध्ये बायका काम करत, पण बाबूची बायको लोहारखान्यात, हे कसं दिसेल? तेवढ्यात मामंजींनी आतून सांगितलं, की सून जाईल, आणि ते स्वतः सोबत येतील. मशीनचा निकाल त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. त्यांनी त्यांचा पांढरा अंगरखा चढवला, पागोटं बांधलं, आणि आमची वरात निघाली. पुढे मामंजी, मागे डोक्यावर पदर आणि बगलेत मोज्यांचं पुडकं घेतलेली मी, आणि सगळ्यांत मागे, आपला या लोकांशी संबंध नाही असं दाखवत यजमान.

लोहारखान्यात पाय ठेवला आणि मी थक्क झाले. भट्टी लाल, घणांचा आवाज छातीत घुमतो, कोळशाचा वास, धूर. मामंजींच्या पांढऱ्या अंगरख्यावर काजळीचे कण बसायला लागले, ते झटकावे तरी पंचाईत. दुसऱ्या जोडाचं पुडकं मी दाराजवळ ठेवून दिलं. माझं सगळं लक्ष मिस्त्रींच्या हातांकडे. त्यांनी मोजे चढवले, बोटं उघडमीट केली आणि म्हणाले, बैठा तो बढ़िया है. मला आभाळ ठेंगणं झालं.

मग त्यांनी उजव्या हातात हातोडा घेतला, डाव्या हातात सांडशी, आणि भट्टीतली तापलेली सळई धरून ठोकायला लागले. दोन-चार घाव ठीक पडले. सळई निसटायला लागली तशी त्यांनी डावा हात पुढे सरकवून सांडशी सळईच्या अगदी जवळ पकडली. डाव्या तळव्यातून धूर निघाला. मिस्त्रींनी सळई टाकली, मोजा ओढून काढला आणि भिरकावला. करपल्याचा वास सुटला. हात झटकत ते माझ्याकडे वळले.

"डबल कहाँ है? उल्टे हाथ में डबल बोला था मैंने."

मला राग आला. काम मी सांगितल्याप्रमाणे केलं होतं. मी मोजा उचलला, उपडा केला आणि त्यांच्यासमोर धरला.

"उलट्या हातालाच लावलंय की," मी म्हटलं. "हे बघा, दुहेरी."

मिस्त्री मोज्याच्या पाठीकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. कुणालाच काही उलगडेना. यजमान दाराबाहेरच घुटमळत होते. आत लोहारखान्यात दोन्ही भाषा आतपर्यंत येणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मामंजी. त्यांचा जन्मच उज्जैनचा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मला वाटलं, झालं, आता हसतील आणि तांगा मागवतील.

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातून मोजा घेतला. कातड्याचा मोजा, स्वतःच्या हातात! त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी अंगठ्याचा जोड ताणून बघितला. बोटांच्या फटीत नख घातलं. मग त्यांचा अंगठा शिवणीवरून फिरला आणि त्या पट्टीवर थांबला.

"हा गोट कुणी दाखवला तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं. "दाराआडून."

ते मिस्त्रींकडे वळले आणि दरबारी हिंदीत, अगदी अदबीनं, त्यांना समजावू लागले. हिंदीत उल्टा हाथ म्हणजे डावा. आमच्या बोलीत उलटा हात म्हणजे हा, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताच्या पाठीवर बोट ठेवलं. सुनेने जे ऐकलं तेच शिवलं आहे. शिवणीत खोट असेल तर दाखवा. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी मोजा ओढून बघितला, पिळून बघितला. एक टाका हलला नाही. मग मिस्त्रींना हसू फुटलं, त्यांच्या माणसांना फुटलं, आणि तो सगळा लोहारखाना माझ्या मराठीला हसायला लागला. मीही हसले असते, पण माझं लक्ष मामंजींकडे होतं.

"शिवण नाही चुकली, शब्द चुकला," मामंजी मला म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता. "पण अट ती अट, सूनबाई. मोजे पास नाही झाले."

खोटं कशाला बोलू, मला तिथेच रडू यायला लागलं. मशीन जाणार म्हणून यायला लागलं, आणि त्यांनी गोट ओळखला म्हणूनही. पदर तोंडाला लावून मी दुसऱ्या जोडाचं पुडकं शोधायला लागले, घरी न्यायला. पुडकं होतं, पण आत जोड नव्हता.

शोधाशोध झाली. कुणीतरी म्हणालं, आत्ता आगवाला आला होता, फावड्याचा दांडा ठोकून घ्यायला. आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा झोकणारा. यजमान बॉयलरकडे धावले, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे मामंजी अंगरखा सावरत, आणि करमणूक पुढे चालू राहिलेली बघून मिस्त्रीही.

आगवाला माझे मोजे घालून कोळसा झोकत होता. भट्टीचं दार उघडलं की आतला जाळ असा अंगावर येई, की आम्ही लांब उभे राहूनही मागे सरकलो. तो फावडं आत ढकले तेव्हा त्याचे तळवे दांड्याला टेकलेले आणि हातांच्या पाठी थेट जाळासमोर. मी बघत राहिले. सगळी आच पाठीवरच येत होती! मी मनात जे चित्र काढलं होतं ते बरोबरच होतं, फक्त ते मिस्त्रींचं नव्हतं, याचं होतं.

यजमानांनी त्याला मोजे परत मागितले. त्यानं भट्टीचं दार लावलं, एक मोजा काढला आणि उघडा हात आमच्यापुढे धरला. हाताच्या पाठीवर एक केस नव्हता. कातडी तांबडी, सोललेली, जुन्या भाजल्यावर नवं भाजलेलं.

"नहीं दूँगा, बाबूजी," तो म्हणाला आणि मोजा परत चढवला. "हथेली का तो सब देते हैं. इधर का आज तक किसी ने नहीं बनाया."

मामंजी माझ्या यजमानांकडे वळले. माल पास की नापास, हे ठरवायचं काम त्यांचं होतं आणि ते मामंजींना चांगलं माहीत होतं. वडिलांसमोर माझे यजमान कधी मान वर करून बोलल्याचं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी घसा खाकरला.

"पास," ते म्हणाले. मग जरा थांबून, आणखी धीर करून, "बॉयलरला हेच लागतील, सगळ्या पाळ्यांना. आणि मिस्त्रीजींना डाव्या तळव्याला डबल. तेही हीच शिवेल."

मी त्यांच्याकडे अशी बघत राहिले, जशी लग्नाच्या गाडीत बघायला हवी होती.

मशीन देवासला गेलं नाही. नणंदेचा निरोप आला, की कबूल केलेलं मशीन कुठे आहे? मामंजींनी उलट निरोप धाडला, की मशीन कामात आहे, शिकायचं असेल तर तूच ये. ती आली, चिडून आली, आणि आठ दिवस माझ्या शेजारी बसून अंगठे बसवायला शिकून गेली. मोज्यांचं काम वाढत गेलं. पुढे मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, ओळखीची कितीतरी मराठी घरं नव्या राजधानीची, भोपाळची वाट चालायला लागली, आमच्या ओट्यावरची खडखड काही थांबली नाही. मिलमधले लोक त्या दोन प्रकारांना 'बहूजी का उल्टा' आणि 'मिस्त्रीजी का उल्टा' अशीच नावं घेऊन मागत.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्याच महिन्यातलं. काम जोरात सुरू होतं, आणि माझा डावा तळवा पार कामातून गेला होता. कातडं रेटून रेटून अंगठ्याखाली चिरा पडल्या होत्या, रात्री पीठ मळताना डोळ्यांत पाणी यायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. मोजे शिवणारणीचेच हात सोलले, हे काय सांगायचं? एका दुपारी मामंजी उंबरा ओलांडून ओट्यावर आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र आणि पेन्सिल होती.

"हात दे इकडे," ते म्हणाले.

मी गोंधळून हात पुढे केला, उजवा, उपडा.

"उल्टा," ते म्हणाले. "आणि सुलटा."

अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पण या वेळी मी तांग्याखाली बघितलं नाही. डावा हात काढला आणि तळवा वर करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चिरांकडे बघितलं आणि हाताभोवती रेघ काढली.

दोन दिवस ते ओट्यावर बसून शिवत होते. भर गल्लीत, पागोटं बांधून, दरबारचा शिंपी म्हशीच्या कातड्याला हातानं टाके घालत होता. समोरच्या काकूंना सल्ला सुचेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वस्तू माझ्या मांडीवर ठेवली. बोटं उघडी, फक्त तळवा आणि अंगठ्याचं मूळ झाकणारा छोटासा मोजा. कडेला गोट. टाके इतके बारीक, की माझं मशीन लाजावं. मी आत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. आत काहीतरी थंड, मऊ लागलं होतं. मोजा उलटा करून बघितला, तर आतून पिस्ता रंगाचं रेशीम.

ते रेशीम मी ओळखलं. शेवटच्या दरबारी अंगरख्याच्या अस्तराचं ते उरलं होतं. मामंजींनी कात्रीच्याच रुमालात घडी करून इतकी वर्षं ठेवलं होतं आणि मला कधी हात लावू दिला नव्हता.

"मामंजी, हे कशाला कापलंत?" मी विचारलं.

ते उठले, अंगरखा झटकला आणि उंबऱ्याकडे वळले.

"पडून काय करायचंय त्याला," ते म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही आलं. दोन्ही उरकून घेतलं, डाव्या हातात मोजा चढवला, आणि चाक फिरवायला लागले.